चाऱ्याचा दोष

तोलोगोन हा चांगला माणूस आहे, असं आत-बाशी या डोंगराळ गावच्या जनावरांच्या बाजारात कधी कोणी म्हटलं नव्हतं. पण त्याच्या हाताबद्दल शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती. रविवारी पहाटे मेंढ्यांच्या रांगेपुढे तो उभा राहायचा, डोक्यावरची काल्पाक टोपी मागे सारायचा आणि मेंढ्याच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, अंगठा आणि दोन बोटं रोवायचा. मग शेपटीखाली तळहात घालून तिथली चरबी तोलायचा. "एकवीस किलो मांस, चार किलो चरबी," तो सांगायचा. "बाकी सगळी लोकर आणि तुझी बढाई." मालकाचं तोंड कडू व्हायचं, पण मेंढा कापल्यावर काटा एकवीसच्याच आसपास थांबायचा. चाळीस वर्षं त्यानं हेडीपणा, म्हणजे जनावरांची दलाली, केला, शेकडो लोकांना घालूनपाडून बोलून दुखावलं आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द कधी मागे घेतला नाही. त्याचा त्याला अभिमान होता.

उल्झान ही त्याची धाकटी सून. बारा वर्षांपूर्वी डोक्यावर पांढरा रुमाल बांधून ती या घरात आली आणि रीतीप्रमाणे तीनदा वाकली, तेव्हा आशीर्वाद द्यायचं सोडून तोलोगोननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हाडापेरानं बरी आहे. अंगावर मांस नाही." सगळे खदाखदा हसले. त्या दिवशी ती रडली. पुढे रडायची सवय तिनं मोडून टाकली.

सासू होती तोवर मधे पडायची, ती गेली. धाकट्या मुलानं आईबापांपाशी राहायचं, घर त्याचं आणि म्हातारपण निभावणंही त्याचंच, ही तिथली रीत. उल्झानच्या नवऱ्यानं, मेलिसनं, घर तेवढं ठेवून घेतलं आणि म्हातारपण बायकोच्या गळ्यात बांधून तो रशियात बांधकामावर निघून गेला. त्याला पाच वर्षं झाली. घरात उरले तिघं: उल्झान, तिची नऊ वर्षांची मुलगी ऐदाई आणि तोलोगोन. खरं सांगायचं तर उल्झानला सासरा आवडत नव्हता आणि हे सासऱ्याला पुरतं ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांना कधी फसवलं नाही, एवढंच काय ते त्या घरातलं सुख.

मार्चमध्ये, नौरुझचा सण झाल्यावर, तोलोगोनची पाठ दुखायला लागली आणि पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. त्याला राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात नेलं. बरोबर उल्झान होती आणि तोलोगोनची थोरली मुलगी कुलिपा. कुलिपा शेजारच्या गावात दिलेली, घर दुमजली, हातात सोनं आणि आवाज असा, की डोंगरापलीकडच्या घोड्यानं कान टवकारावेत. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी या दोघींना बाजूला बोलावलं. म्हातारा पंधरा पावलांवर बाकड्यावर बसून झाडूवाल्या बाईला झाडू कसा धरावा हे शिकवत होता.

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पसरलाय. कापून काढण्यासारखं काही राहिलेलं नाही."

हे म्हाताऱ्याला सांगावं असं डॉक्टरांच्याही मनात आलं नाही. तिथे असं कोणी सांगत नाही. ज्याला झालंय तो सोडून घरच्यांना सांगतात. कुलिपानं डोळे पुसले, पिशवीतली रोटी काढून तिचा तुकडा मोडला आणि उल्झानच्या तळहातावर ठेवला. बापाला ती अता म्हणायची.

"रोटीची शपथ घे. अताच्या कानावर हा शब्द गेला तर त्याच दिवशी ते आटोपतील. मग ते पाप तुझ्या मानेवर."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तर पित्ताशयाला सूज आलीय म्हणायचं. घे शपथ. तुझ्या तोंडाचा मला भरवसा नाही."

रोटीची शपथ मोडणाऱ्याला रोटी आंधळं करते, असं उल्झान लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं शपथ घेतली. म्हाताऱ्यानं पित्ताशयाचं ऐकलं आणि तो फिस्कारला, "पित्ताशय? आमच्या सात पिढ्यांत कोणाला पित्ताशय नव्हतं." पण त्यानं ते मानलं, कारण लेकीनं सांगितलं होतं.

मग तो वितळायला लागला. खात नव्हता असं नाही. भूक मेली होती, तरी हट्टानं खायचा, शत्रूची खोड मोडल्यासारखा एकेक घास चावायचा. उल्झान सकाळी साय आणि रोटी द्यायची, दुपारी मांसाचा रस्सा, संध्याकाळी हातानं लाटलेल्या शेवया आणि उकडलेलं मांस. त्यातलं निम्मं परत यायचं, उरलेलं पोटात न थांबता तसंच वाहून जायचं. आधी कानशिलं आत गेली, मग खांदे उतरले, मग मांड्या अशा झाल्या की घोड्यावर बसताना खोगीर त्याला टोचायचं. मेंढ्या तोलायच्या काट्यावर तो दर रविवारी स्वतः उभा राहायचा आणि दर रविवारी काटा थोडा खाली यायचा.

तोलोगोनचं शास्त्र सरळ होतं. जनावर वाळतं ते दोनच कारणांनी: एक तर पोटात जंत, नाहीतर चारा कमी. पहिलं कारण त्यानं स्वतःच निकालात काढलं. कोणाला न सांगता त्यानं मेंढ्यांना देतात ते जंताचं औषध घेतलं, तेही मोठ्या मेंढ्याच्या मापानं. दोन दिवस तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासातून बाहेर आला नाही. उल्झान पाण्याची किटली घेऊन दाराशी उभी राहायची आणि तो आतून ओरडायचा, "काय घातलंस रश्श्यात, भवाने?" रिकामी बाटली तिला गोठ्यात सापडली तेव्हा तिला हसूही आलं आणि धडकीही भरली. जंत काही निघाले नाहीत. मग उरला चारा, आणि चारा घालणारी कोण?

"जनावर वाळलं की गुराख्याची झडती घ्यावी," जूनमधल्या एका रविवारी तोलोगोन भर बाजारात, मेंढ्यांच्या रांगेसमोर, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "माझ्या घरी दर महिन्याला मेंढा कापतात. रस्सा माझ्या पुढ्यात येतो. मांस नदीपलीकडे जातं, केलिनच्या माहेरी. माझ्या कमरेला कोणीही हात लावून बघा, म्हणजे कळेल."

केलिन म्हणजे सून. शिव्या सोडल्या, तर बारा वर्षांत त्यानं तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. तोलोगोनचा हात चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्याचा शब्दही चुकत नसणार असं लोकांनी धरलं. आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. पिठाच्या दुकानातली बाई पीठ तोलता तोलता म्हणाली, "म्हातारं माणूस म्हणजे लहान मूलच गं. दोन घास जास्त घातले म्हणून काय तुझी चूल विझणार आहे?" उल्झान पीठ उचलून घरी आली. तिची आई नदीपलीकडे दात नसलेल्या तोंडानं बटाटे चघळत होती. मांस तिनं सणाशिवाय पाहिलं नव्हतं.

आणि कुलिपाला सगळं ठाऊक होतं! राग यायचा तो याचा. डॉक्टरांच्या तोंडून तिनं ऐकलं होतं, रोटीची शपथ तिनंच घातली होती, आणि तरी ती येताना मेंढ्याच्या शेपटीची चरबी, डब्यात औषधी म्हणून बिज्जू या रानप्राण्याची चरबी, वर घोडीच्या दुधाचं किमिझ असं सगळं लादून यायची आणि बापासमोर उल्झानला झापायची. एकदा उल्झाननं तिला गोठ्याआड गाठलं. थोरल्या बाईला तिथे एजे म्हणतात, थोरल्या पुरुषाला अके.

"एजे, ती चरबी त्यांना पचत नाही. रात्रभर मी चादरी धुते."

"तू धुतेस म्हणजे उपकार करतेस? धुवायलाच आणलीय तुला."

"तुम्हाला ठाऊक आहे ना त्यांना काय झालंय? मग बाजारात माझं नाव खराब होतंय ते तरी थांबवा."

"डॉक्टर कॅन्सर म्हणाले. उपाशी ठेवा असं नाही म्हणाले," कुलिपा म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर अता काडीसारखे झाले. नीट खाऊ घातलं असतं तर एवढे वाळलेच नसते. माझ्या नवऱ्याच्या मावशीलाही हेच होतं, ती मरेपर्यंत गुबगुबीत होती."

दुःखानं माणूस आंधळा होतो म्हणतात. कुलिपा आंधळी झाली नव्हती, तिला फक्त एक सोपा गुन्हेगार हवा होता. रोगाच्या झिंज्या उपटता येत नाहीत, भावजयीच्या येतात.

जुलैच्या अखेरीस उल्झान एकटीच तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई, रोझा, फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी पेशंटचं नाव विचारलं. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नसतं, म्हणून उल्झाननं ते कागदावर लिहून दिलं आणि मोठ्या इस्पितळाचे कागद पुढे केले.

"एजे, मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "मी त्यांना कमी घालते का? माझं काही चुकतंय का? घातलेलं जातं कुठे?"

"तू त्यांना सोन्याच्या ताटात अख्खा घोडा वाढलास तरी ते वाळणारच," रोझाबाई म्हणाल्या. "हा उपास नाही. उपाशी माणूस आधी चरबी खर्च करतो, मांस शेवटपर्यंत जपतो. याच्यात उलटं होतं. ती गाठ रक्तात निरोप सोडते आणि शरीर स्वतःचंच मांस मोडायला घेतं. दंडाचं, मांडीचं, छातीचं. भुकेचा एक हार्मोन असतो, पोटातून मेंदूकडे जातो, जेवायची वेळ झाली म्हणून सांगायला. त्यांच्या रक्तात तो भरपूर असेल. बिचारा दारावर धक्के मारतोय आणि आत कोणी दार उघडत नाही."

उल्झान ऐकत राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं, की तिचा गुन्हा नाही. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप.

"मग औषध नाही?"

"हार्मोनच्या गोळ्या देते. भूक लागेल, वजनही चढेल. पण आताच सांगून ठेवते, चढेल ती चरबी आणि पाणी. मांस परत येणार नाही. पुरुषाच्या अंगात मांस धरून ठेवणारा जो स्वतःचा हार्मोन असतो, तो या गोळ्यांनी आणखी उतरतो. दिसायला बरे दिसतील. चार दिवस चवीनं जेवतील. तेवढंच."

तेवढं पुष्कळ होतं. उल्झाननं गोळ्या आणल्या, पित्ताशयाच्या म्हणून द्यायला सुरुवात केली, आणि दहा दिवसांनी, म्हाताऱ्याला पहिल्यांदा खरी भूक लागली त्याच सकाळी, कुलिपा मोटार घेऊन दारात उभी राहिली. भावकीशी तिचं बोलणं झालं होतं. अता यापुढे तिच्या घरी राहणार. तोलोगोन पुढच्या सीटवर बसला आणि काच खाली करून म्हणाला, "आता तरी पोटभर खा, केलिन. माझ्या वाटणीचंही." उल्झाननं गोळ्यांची पाकिटं कुलिपाच्या हातात कोंबली आणि दोनदा बजावलं, रोज द्यायच्या, चुकवायच्या नाहीत.

कुलिपानं चुकवल्या नाहीत. आणि पाच आठवड्यांत तोलोगोन सहा किलोंनी वाढला.

झालं! आता आणखी कुठला पुरावा हवा होता? सुनेकडे वाळत होता, लेकीकडे भरला. गाल वर आले, पोट सुटलं, आवाजाला पुन्हा धार चढली. मेलिसचा रशियातून फोन आला.

"काय करत होतीस तू?" त्यानं विचारलं. "लोक काय काय बोलताहेत."

"गोळ्या आहेत त्या, मेलिस. चरबी आहे ती. डॉक्टरीणबाईंना विचार."

"कुलिपा-एजे म्हणते—"

"कुलिपा-एजेशीच संसार कर मग," उल्झान म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सप्टेंबरच्या मध्याला कुलिपानं जेवण घातलं, अताच्या अंगावर मांस चढलं म्हणून. उल्झानला ऐदाईसह बोलावणं आलं. न जाणं शक्य नव्हतं. तिथे भावकीतले पाचसहा म्हातारे जमले होते आणि त्यांचा म्होरक्या होता तोलोगोनचा चुलतभाऊ इसाक. उल्झान आली तसं कोणी तिच्या सलामाला नीट उत्तर दिलं नाही. तिच्या हातात पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायची किटली दिली गेली. ऐदाईला आत्तेबहिणी आत घेऊन गेल्या, आणि त्यांनी तिचे कपडे ठेवायला कपाटात जागा रिकामी केलेली उल्झाननं उघड्या दारातून पाहिली. म्हणजे तिला माहेरी पाठवायचं ठरलं होतं, आणि पोरीला इथे ठेवून घ्यायचं.

अंगणात कापायचा मेंढा बांधला होता. इसाक कौतुकानं म्हणाला, "तोलोगोन, बरा झालायस, आता हात लाव आणि सांग बघू."

तोलोगोन ऐटीत उठला. बोटं रोवली. "खच्ची केलेला आहे," तो म्हणाला. "दिसायला गरगरीत. पण सगळी चरबी, पाठीवर मांस नाही. जावयानं तुम्हाला गंडवलंय." सगळे हसले, कुलिपाचा नवरा सोडून. लोक आत जायला वळले. तोलोगोन मात्र तिथेच थांबला. सवयीनं असेल, नाहीतर गंमत म्हणून असेल, त्याचा हात कोटाच्या आत गेला आणि स्वतःच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे टेकला. अंगठा आणि दोन बोटं. त्यानं दाबलं. मग दुसऱ्या बाजूला दाबलं. किटली घेऊन उभ्या असलेल्या उल्झाननं ते पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ऐट उतरताना पाहिली. आणखी कोणाचं लक्ष नव्हतं.

मेंढा कापून शिजला, तेव्हा आत सगळे गोल बसले. मध्ये रोट्या, वाफाळतं मांस, आणि मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं तोलोगोनसमोर. दुआ झाली. इसाकनं घसा साफ केला.

"केलिन, आम्ही विचार केलाय. मेलिस येईपर्यंत तू आईकडे जाऊन राहावंस. पोरगी इथे राहील, तिचे हाल होणार नाहीत. घराची किल्ली कुलिपाकडे दे. झाल्या गोष्टीचा आम्ही बोभाटा करणार नाही, पण—"

"केलिन," तोलोगोन मधेच म्हणाला. त्यानं मेंढ्याच्या डोक्याला हात लावला नव्हता. "त्या गोळ्या कसल्या आहेत?"

"पित्ताशयाच्या, अता," कुलिपा घाईनं म्हणाली.

"तुला विचारलं नाही."

उल्झाननं किटली खाली ठेवली. गोळ्यांबद्दल तिनं शपथ घेतली नव्हती. "हार्मोनच्या," ती म्हणाली. "त्यानं भूक लागते. चरबी चढते. मांस नाही चढत. पुरुषाच्या रक्तात जे असतं ते त्यानं कमी होतं."

कोणीतरी खाकरलं. इसाक छताकडे बघायला लागला.

"म्हणजे खच्ची केलंत मला," तोलोगोन म्हणाला. "सदुसष्टाव्या वर्षी. आणि हे सगळे टाळ्या वाजवायला बसलेत." तो थांबला, श्वास घेतला. "जंताचं औषध मी घेतलं. माझ्या लेकीनं पाच आठवडे मला कोंबून घातलं, चारा काही कमी नाही. मग माझं मांस कुठे गेलं? मला काय झालंय?"

"अता, डॉक्टर म्हणाले ना, सूज—"

"तू गप! मार्चपासून तू माझ्याशी गोड बोलतेयस. जन्मात कधी बोलली नव्हतीस. तिथेच मला कळायला हवं होतं." तो उल्झानकडे वळला. "तू सांग, केलिन. तुला मी आवडत नाही. माझी दया तुला येत नाही. तू कशाला खोटं बोलशील?"

समोर रोटी होती. तिची शपथ होती. बोलावं तर म्हातारा मेल्याचं पाप मानेवर, न बोलावं तर पोरगी गेली आणि जन्माचा डाग लागला. इकडे आड, तिकडे विहीर. पण म्हाताऱ्याची कणव येऊन ती बोलली असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. सहा महिन्यांच्या शिव्या, धुतलेल्या चादरी, पिठाच्या दुकानातली ती बाई, हे सगळं तिच्या घशाशी आलं होतं, आणि तो शब्द तिला दगडासारखा फेकून मारावासा वाटला.

"कॅन्सर," ती म्हणाली. "स्वादुपिंडाचा. मार्चपासून. तुम्ही बाकड्यावर बसला होतात तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं. तो तुमचं मांस खातोय. मी नाही."

कुलिपा किंचाळली. तिनं झेप घेऊन उल्झानच्या डोक्यावरचा रुमाल ओढला. "मारलंस! मारलंस माझ्या बापाला!" इसाक दुआ पुटपुटायला लागला. सगळे तोलोगोनकडे बघत होते, जणू तो आत्ता, याच क्षणी, आडवा होणार होता.

तो आडवा झाला नाही. त्यानं समोरचं मेंढ्याचं डोकं बाजूला सारलं.

"मालकाला ठाऊक, गुराख्याला ठाऊक," तो म्हणाला, "आणि जनावराला तेवढं ठाऊक नाही." मग तो भिंतीला धरून उभा राहिला. "चल, केलिन. घरी जाऊ. इथल्या गोड बोलण्यानं माझे दात किडले."

उल्झाननं रुमाल उचलून बांधला. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही भर बाजारात उभं राहून मला चोर म्हणालात. तिथेच उभं राहून तो शब्द मागे घ्या. मग घरी या. रस्सा मी शिजवीन."

"मी शब्द मागे घेत नाही."

"मग इथेच मरा."

सुनेनं सासऱ्याला असं बोललेलं त्या खोलीत कोणी आजवर ऐकलं नव्हतं. उल्झाननं आतल्या खोलीतून ऐदाईला हाताला धरून ओढत आणलं आणि ती चालत घरी निघाली. अडवायला कोणी उठलं नाही. सात किलोमीटर अंतर होतं, ते तिनं बडबडत पार केलं. आपण काय बोललो ते तिला आठवत होतं आणि त्यातलं एक अक्षरही परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

शनिवारी शेजारच्या मोटारवाल्यानं सासऱ्याचा निरोप आणला: उद्या पहाटे बाजारात ये.

डोंगरावर पहिलं बर्फ पडलं होतं आणि गारठा हाडात शिरत होता. मेंढ्यांच्या रांगेपाशी मोटार थांबली. तोलोगोन उतरला, कुंपणाला धरून उभा राहिला. हेडी जमा झाले. पिठाच्या दुकानातली बाईही होती, तिला मेंढा घ्यायचा होता की तमाशा बघायचा होता कोण जाणे. उल्झान दहा पावलं लांब उभी राहिली.

"अब्दिश!" तोलोगोननं हाक मारली. अब्दिश हा त्याच्या खालोखालचा हेडी. तीस वर्षं दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं होतं. "इकडे ये. मी शब्द मागे घेत नाही, तुला ठाऊक आहे. पण एका हाताच्या निकालावर भांडण झालं की दुसरा हात बोलवायचा, ही बाजाराची रीत आहे. ये, लाव हात."

त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला आणि सदरा वर केला. त्या गारठ्यात, सगळ्यांच्या देखत. फुगलेलं पोट आणि त्याच्या मागे नुसता पाठीचा कणा. कोणी हसलं नाही. अब्दिश पुढे आला आणि त्यानं अंगठा आणि दोन बोटं शेवटच्या बरगडीमागे रोवली.

"वर चरबी आहे," तो हळूच म्हणाला. "नवी, ओली. खाली काही नाही रे. हाड लागतंय."

"चारा?"

"चारा मिळालाय. नाहीतर ही चरबी कुठून आली असती?"

"मोठ्यानं बोल. जूनमध्ये मी मोठ्यानं बोललो होतो."

अब्दिशनं मान वर केली. "चाऱ्याचा दोष नाही!" तो ओरडला. "केलिननं नीट चारलंय! आतला रोग आहे!"

रांगेच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. पिठाच्या दुकानातल्या बाईनं मान खाली घातली. जूनपासून उल्झान याच शब्दांची वाट बघत होती, आणि ते कानावर पडले की जीव शांत होईल असं तिला वाटलं होतं, पण झाला नाही.

"आणि असा रोगी मेंढा आला," तोलोगोन म्हणाला, "तर मालकाला तू काय सांगतोस? आपण काय सांगतो, बोल."

अब्दिशची बोटं तिथेच राहिली. आजच सुरी फिरव, उद्या हाडंच उरतील, असं सांगतात. हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ होतं. त्याचे ओठ हलले.

"बोल ना, लेका! तीस वर्षं माझं वाईट चिंतलंस, आता—"

उल्झान कधी पुढे आली ते तिलाच कळलं नाही. तिनं अब्दिशचा हात मनगटाशी धरून झटकून टाकला.

"तोंड आवरा, अब्दिश-अके," ती म्हणाली. "हा विकायला आणलेला नाही."

तिनं सदरा खाली ओढला, कुंपणावरचा कोट काढून त्याच्या खांद्यावर घातला आणि बटणं लावायला लागली. तोलोगोन शिव्या देत होता, तिच्या बोटांना, गारठ्याला, अब्दिशच्या बापाला. पण दोन्ही हात खाली सोडून, शेवटचं बटण लागेपर्यंत, तो हलला नाही.